वाचक विचारतात : नाट्यगायकाने भावगीत कसं गावं?

प्रश्न : मी संगीत नाटकांतून भूमिका करतो. गणेशोत्सवात, कोजागरीला जुन्या भावगीतांची फर्माईश येते. गायलो की लोक म्हणतात, 'हे नाट्यपदच झालं.' काय बदलू? – एक वाचक, परभणी

उत्तर : गळा बदलू नका, आवाजाची फेक आणि पदाचा विस्तार या दोनच गोष्टी आवरायच्या आहेत.

१८८० साली 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं, तेव्हा माइक नव्हता. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज नटालाच पोचवावा लागे आणि 'वन्स मोअर' मिळाला की पद वाढत जाई. भावगीत रुजलं ते तबकडी आणि रेडिओवर. ७८ गतीच्या दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. त्यात धृपद (म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी मुखड्याची ओळ), दोन-तीन अंतरे आणि वाद्यांचे तुकडे बसवायचे. अशा बांधणीत प्रत्येक ओळीवर तान घेतली की कविता दबते.

सुरुवात पेटीशिवाय करा. गीत संवादासारखं मोठ्याने वाचा. कोण, कुणाला, कोणत्या घटकेला बोलतंय? ही सवय नाटकाने तुम्हाला दिली आहे आणि भावगीतात तीच सगळ्यात मोलाची. अर्थ जिथे थांबतो तिथे पेन्सिलीने श्वासाची खूण करा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पोचायच्या घाईत श्वास भलतीकडे घेतला जातो आणि 'सांजवेळी'चं 'सांज... वेळी' होतं.

मग विस्तारासाठी एकच जागा निवडा. शेवटचा अंतरा संपवून धृपदाकडे वळताना ती चांगली बसते. शब्द पुरता उच्चारून झाल्यावरच आकार ('आ'चा आलाप) लावा आणि केरव्याच्या एका आवर्तनात, म्हणजे आठ मात्रांत, परत या. मींड, खटका, मुरकी हे सुरांचे अलंकार खुशाल ठेवा, पण मूळ चालीत असतील तिथेच. तबलजींना आधीच सांगा : लग्गी (जलद, भरीव वादन) नको, साधा ठेका. पेटीवाल्यांशीही बोला. नाट्यपदात ते तुमच्या मागोमाग येतात. इथे दोन अंतऱ्यांमधला तुकडा किती आवर्तनांचा, हे तालमीतच ठरलं पाहिजे, नाहीतर तुम्ही पुढची ओळ लवकर उचलता आणि तुकडा अर्धवट तुटतो.

उच्चारांकडे फार लक्ष द्या. आपल्या बोलीत 'पाणी'चं 'पानी' होतं. गावरान भूमिकेत ते शोभेल. कवीने 'पाणी' लिहिलं असेल तर 'ण' स्वच्छ हवा. ऱ्हस्व स्वरावर ठेहराव घेऊन तो दीर्घ करू नका.

प्रश्न : मूळ गाणं गायिकेचं असेल तर पुरुषाने पट्टी कशी ठरवावी? माइक किती लांब धरावा? – एक वाचक, लातूर

उत्तर : मूळ पट्टीचा हट्ट सोडा. अंतऱ्यातली सर्वांत वरची ओळ हळू आवाजात लागोपाठ तीनदा म्हणा. ओरडल्याशिवाय लागत नसेल तर पट्टी एक सूर उतरवा. सर्वांत खालच्या ओळीतले शब्द विरत असतील तर एक सूर चढवा. बहुतेक पुरुषांचं पेटीच्या काळी एक ते पांढरी दोन या पट्ट्यांच्या आसपास जमतं, पण निर्णय या दोन ओळींवरच करा.

माइक तोंडापासून चार बोटं, किंचित तिरका धरा. समोरासमोर धरला की 'प', 'फ', 'भ'चा फटका बसतो. तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, एक वीत मागे न्या. उघड्या मंडपात ध्वनिव्यवस्थावाल्यांना एको जवळजवळ बंद करायला सांगा. तो वाढला की जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात आणि मागच्या खुर्च्यांना फक्त सूर ऐकू येतो.