बदामाच्या चौकोनांना इस्त्री लावू नका

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. बहिणीच्या बाळासाठी बदामांच्या (हार्टच्या) नक्षीचं पांघरूण, क्रोशाचे ४२ चौकोन विणून तयार, जोडायला घेतले तर काही सहा इंचांचे आणि काही पावणेसात, बारसं तोंडावर आलेलं. आणि शेवटची ओळ, "इस्त्री फिरवली तर सगळे सारखे होतील का?" आधी तेवढ्याचंच उत्तर देते. नाही. इस्त्री कपाटात ठेवा. बाकीचं सावकाश वाचा.

सुरुवातीलाच सांगते, मी काही क्लास घेणारी नाही. तीसेक वर्षं क्रोशा हातात आहे, तोरणं, रुमाल, टोपडी, आणि पांघरुणं चार. जे लिहिते आहे ते ॲक्रिलिक लोकरीबद्दल आहे. आपल्याकडे 'लोकर' म्हणून जी मिळते ती बहुतेक ॲक्रिलिकच असते. तुमची कोणती आहे याची खात्री नसेल तर एक छोटा तुकडा चिमट्यात धरून मोरीत जाळून बघा. खरी लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. सुताला कागद जळल्याचा वास येतो. ॲक्रिलिक वितळतं आणि टोकाला काळा कडक मणी उरतो. तो मणी दिसला तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

२०१७ ची गोष्ट. भाचीला बाळंतपणाची डिसेंबरमधली तारीख दिली होती. मी एप्रिलमध्येच सुरुवात केली. पांढऱ्यावर लाल बॉबलचे, म्हणजे वर उठलेल्या दाण्यांचे बदाम, २८ बदामाचे आणि २८ साधे, बुद्धिबळाच्या पटासारखे मांडायचे होते. डिसेंबरात सगळे ५६ दिवाणावर पसरले तेव्हा पहिल्यांदा टेप लावला. हीच चूक, आठ महिने टेप लावलाच नव्हता. एप्रिल-मेमध्ये विणलेले जेमतेम सहा इंच, दिवाळीनंतरचे साडेसहा-पावणेसात. सुई तीच, ४ मिलीमीटरची. लोकर तीच, खांब (टाके) तेवढेच.

असं का झालं ते मला नंतर कळलं. आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात ४५ डिग्रीला कूलरपुढे बसून विणायचं म्हणजे हवा दमट आणि बोटं घामेजलेली. ॲक्रिलिकचा धागा ओल्या बोटावरून सरकत नाही, आपण नकळत ओढून धरतो आणि टाका आवळला जातो. थंडीत हात कोरडे, धागा सरसर येतो, टाका सैल पडतो. एका टाक्यात हा फरक दिसतही नाही, २५ टाक्यांच्या ओळीत तो अर्धा इंच होतो. तुम्हीही मे महिन्यात सुरू केलं असं लिहिलंय, म्हणून मला वाटतं तुमचं मूळ हेच असावं. दुसरी शक्यता म्हणजे मध्येच सुई हरवली आणि नवी आणली. नंबर तोच असला तरी वेगळ्या बनावटीच्या सुईचं डोकं वेगळं असतं आणि त्याने माप बदलतं.

आता इस्त्री. बारशाला चार दिवस होते. मी एक चौकोन टाचण्यांनी सव्वासहा इंचांवर ताणून ब्लँकेटवर लावला, वर ओलं फडकं टाकलं, सुती कपड्याच्या आचेवर इस्त्री दाबली. फडकं उचललं तर चौकोन इतका सरळ, इतका कडा-कोपरे धरून बसलेला की मला गहिवरून आलं. गरम असताना तो अगदी हवा तसाच दिसतो, फसगत होते ती इथेच. मी एकामागून एक करत गेले, हातही लावून बघितला नाही, सरळ गठ्ठ्यावर रचत गेले. १९ झाल्यावर पहिला उचलला. तो माझ्या हातावर शिळ्या पोळीसारखा लुळा पडला. बॉबलचे दाणे बसून गेले होते, लाल रंगावर तेलकट चमक आली होती, आणि बोटाने दाबला तर लोकर परत वर येईना. नखाने एकेक दाणा मागून ढकलून बघितला. दोन मिनिटांत पुन्हा सपाट.

ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिकचाच धागा. सुती आचेवर इस्त्री २०० डिग्रीच्या आसपास जाते, आणि हा धागा त्याच्या कितीतरी आधी नरम पडतो. एकदा नरम पडून दाबला गेला की त्यातला उसळता गुण कायमचा जातो. धुऊन, वाळवून, वाफ देऊन, कशानेही परत येत नाही. मी सगळं करून पाहिलं आहे. शालीला किंवा ओढणीला लोक मुद्दाम अशी आच देतात, कारण तिथे लुळेपणाच हवा असतो. बदामाचे दाणे वर उठून दिसायला हवेत, तिथे ती आच म्हणजे सत्यानाश.

त्या १९ पैकी ११ बदामाचे होते. ते पुन्हा विणायचे म्हणजे लाल लोकर हवी. ज्या दुकानातून एप्रिलमध्ये घेतली होती तिथेच गेले. तिथे गुंड्यांवरची कागदी पट्टी काढून लोकर वजनावर विकतात, त्यामुळे लॉट नंबर माझ्याकडे नव्हताच. मी जुना चौकोन समोर ठेवला. "वही लाल है मॅडम, आंख बंद करके ले जाओ." ट्यूबलाइटखाली मलाही तोच वाटला. दुसऱ्या दिवशी गच्चीवर उन्हात दोन्ही शेजारी ठेवले तर जुना कुंकवासारखा आणि नवा विटेसारखा. परत द्यायला गेले तर "लोकर वापस नहीं होती." मला अजूनही त्याचा राग येतो. रंग वेगळा असू शकतो हे त्यांना माहीत असतं. कारखान्यात दर खेपेला रंग थोडा बदलतो, लॉट नंबर असतो तो त्याचसाठी. पट्टी फाडून टाकली की गिऱ्हाईक आंधळं. विकताना एक वाक्य सांगायला काय जातं? तेव्हा लोकर नेहमी पट्टीसकट घ्या, एक पट्टी पांघरूण पूर्ण होईपर्यंत जपून ठेवा, आणि रंग दुकानाच्या पायरीवर येऊन, दिवसाउजेडी बघा. दुकानदार कटकट करेल, करू दे.

बारशाला मी चांदीची वाटी घेऊन गेले. पांघरूण संक्रांतीनंतर पोचलं.

आता तुमच्या ४२ चं काय करायचं. बारशाची तारीख तुम्ही लिहिली नाही, पण आठवडा असेल तरी होईल. फोटो मोठा करून मोजलं, तुमचे चौकोन २५ मुक्या खांबांचे (सिंगल क्रोशे, म्हणजे बुटका टाका) आहेत. ते उसवू नका आणि ताणूही नका. लहानाला ओढून मोठ्याशी शिवलं तर पहिल्या धुण्यानंतर प्रत्येक सांध्यावर चुण्या पडतात. त्याऐवजी प्रत्येक चौकोनाला बाहेरून मुक्या खांबांची चौकट द्या, आणि माप त्या चौकटीत भरून काढा.

आधी तीन गठ्ठे करा, सहा-सव्वासहाचे, साडेसहाचे आणि पावणेसातचे. ४ च्या सुईने मुक्या खांबाची एक फेरी दर बाजूला साधारण पाव इंच वाढवते, म्हणजे चौकोन अर्ध्या इंचाने मोठा होतो. लहान गठ्ठ्याला दोन फेऱ्या द्या. पहिल्या फेरीत बाजूला २५ खांब आणि कोपऱ्यात एकाच टाक्यात तीन, दुसरीत बाजूला आपोआप २७ होतात, कोपरे पुन्हा तीन-तीन. मधल्या गठ्ठ्याला एकच फेरी, पण बाजूला २७ बसवायचे, म्हणजे दोन ठिकाणी एकाच टाक्यात दोन. मोठ्या गठ्ठ्यालाही एकच फेरी, २७ चीच, फक्त सुई साडेतीनची घ्या आणि हात जरा आवळा. सगळे सात इंचांच्या आसपास येतात. पाव इंच इकडेतिकडे राहिला तरी चालतो, कारण शेवटच्या फेरीत टाके सगळ्यांचे सारखे झाले की जोडताना टाक्याला टाका मिळतो आणि उरलेला फरक लोकर पोटात घेते. माझ्या मते मापापेक्षाही टाक्यांची संख्या सारखी असणं महत्त्वाचं आहे. उभ्या दोन बाजूंना ओळींची टोकं असतात, ती २५ पेक्षा जास्त भरतील, २८ किंवा ३०. तिथे मध्येमध्ये एखादं टोक सोडून द्या, नाहीतर कड लाटेसारखी होते.

सहा बाय सात मांडले की पांघरूण ४२ बाय ४९ इंच होईल. तान्ह्यासाठी मोठं, पण तीन-चार वर्षांचं होईपर्यंत पुरेल.

चौकटीसाठी पांढरा किंवा लाल घेऊ नका, हे माझं स्पष्ट मत. लॉट जुळणार नाही आणि तो फरक प्रत्येक चौकोनाभोवती दिसत राहील. तिसराच रंग घ्या, राखाडी किंवा फिकट पिस्ता. मग चौकट आधीपासून ठरवलेली वाटते. मी माझे विटकरी झालेले बदाम राखाडी चौकटीतच बसवले, आणि मुद्दाम कोपऱ्यांत पांगवून लावले. शेजारी-शेजारी आले असते तर लगेच दिसले असते.

जोडणीबद्दल मैत्रिणींशी माझं नेहमी वाजतं. विणता विणताच जोडत जाण्याची पद्धत हल्ली सगळ्यांना आवडते, पण मापं मागेपुढे असली की ती नको, कारण नंतर जागा बदलता येत नाही. सगळे चौकोन आधी जमिनीवर मांडा, फोटो काढा, एक रात्र तसेच राहू द्या. मग बोथट सुईने, उलट बाजूने, टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यातून शिवा. मुक्या खांबाने जोडलं तर मागे उंच काठ उठतो आणि बाळाच्या अंगाला टोचतो. धाग्याची टोकं आजच आत घ्यायला लागा, शेवटासाठी ठेवू नका. चौकोनाला चारच टोकं धरली तरी १६८ होतात. प्रत्येक टोक दोन दिशांनी फिरवून मगच कापा, ॲक्रिलिक घसरडं असतं.

वाफ द्यायचीच असेल तर टाचण्यांनी लावून वाफेची इस्त्री एक इंच वर धरा, टेकवायची नाही, आणि गार होईपर्यंत टाचण्या काढायच्या नाहीत. पण आधी एका साध्या चौकोनावर करून बघा. बदामाच्यावर तर मी अजूनही वाफ धरत नाही, भीती बसली ती बसली.

काहींचे बदाम बसके, रुंद दिसतात असंही तुम्ही लिहिलंय. चौकड्यांच्या (ग्राफच्या) कागदावर काढलेला बदाम मुक्या खांबात हमखास बसका येतो, कारण हा टाका उंचीला कमी आणि रुंदीला जास्त असतो. २५ खांबांना चौकोन व्हायला २८ ते ३० ओळी लागतात. पुढच्या वेळी नक्षी दोन-तीन ओळींनी उंच काढा. आता आहेत ते राहू द्या, बारशात कोणी टेप घेऊन येत नाही.

अजून एक, आणि हे नक्की ऐका. आपल्याकडे बाळंतिणीच्या खोलीत शेक-शेगडी असते, धुरी देतात. ॲक्रिलिकचं पांघरूण निखाऱ्याजवळ अजिबात नको. वर जो काळा मणी सांगितला तो कातडीला चिकटतो. शेकाच्या वेळी सुती दुपटंच वापरा. आणि बाळ एकटं झोपलेलं असताना असं जाड पांघरूण अंगावर मोकळं टाकू नये, वर्षाचं होईपर्यंत तर नाहीच. मी डॉक्टर नाही, बहिणीला तिच्या बालरोगतज्ज्ञांना विचारायला सांगा. मांडीवर घेताना, बाहेर नेताना, जमिनीवर अंथरायला मात्र खुशाल वापरा.

धुताना गार पाणी, पिळायचं नाही, टॉवेलात गुंडाळून दाबायचं. सावलीत आडवं पसरून वाळवा. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या भाराने लोंबतं.

आज रात्री फक्त टेप घेऊन ४२ चे तीन गठ्ठे करा आणि प्रत्येक गठ्ठ्यात किती आले ते इथे लिहा. मोठ्या गठ्ठ्यात १० पेक्षा जास्त असतील तर चौकटीचा हिशेब थोडा बदलावा लागेल, तो मी सांगते. साडेतीनची सुई नसेल तर तसंही लिहा.