माळ्यावरचं कॅरिअर

"मॅडम, मांजरीपायी माझी झोप उडाली आहे, हे कोणाला सांगायचीही सोय नाही," असं म्हणून समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एक बाई हसल्या आणि मग बराच वेळ रडल्या.

(ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) त्या नागपुरात प्रतापनगरला एकट्याच राहतात. आजारी वडील छत्रपती संभाजीनगरला, त्यामुळे दर दोन महिन्यांनी जाणं भागच. सोबत ठमी, त्यांची मांजर. मागच्या वेळी गाडी 'समृद्धी' महामार्गाला लागल्यापासून ठमीने जो टाहो फोडला, तो कारंजा लाड येईपर्यंत. लाळ गळत होती, कॅरिअरमध्येच, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीतच, सू केली. आत्याबाईंनी फोनवर ऐकवलं, "मांजरीसाठी कोणी एवढं रडते काय वं?"

आधी मीच चुकले. "मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं. किल्ली शेजारी द्या, तिला घरीच राहू द्या," असा सल्ला देऊन मोकळी झाले. सल्ला तसा वाईट नव्हता. पण पुढच्या खेपेला त्या म्हणाल्या, "म्हणजे आता तिला टाकूनही जायचं?" त्यांनी स्वतःवरच ठेवलेल्या आरोपपत्रात मी एक कलम वाढवून ठेवलं होतं.

मग एक काम दिलं. त्या दिवशी ठमीने काय काय केलं ते लिहून आणा. तिला काय वाटलं असेल ते लिहायचं नाही. पहिल्या कागदावर होतं, 'तू मला फसवलंस, अशा नजरेनं पाहिलं.' ते खोडलं. खाली उरलं ते असं: पहाटे साडेपाचला कॅरिअर माळ्यावरून काढलं, ठमी पलंगाखाली पळाली, तिला ओढून आत कोंबलं.

"एरवी कॅरिअर कधी निघतं?"

"इंजेक्शनला न्यायचं असलं की..." आणि त्या थांबल्या.

चूक होती ती इथे. सोबत नेण्यात नव्हती. आणि ही चूक दुरुस्त होण्यासारखी होती.

कॅरिअर हॉलमध्ये आलं. दार उघडं, आत त्यांची न धुतलेली ओढणी. आधी वाटी दाराशी, मग आत. दहाव्या दिवशी ठमी स्वतःहून आत जाऊन बसली. मग दार अर्धा मिनिट बंद. मग बंद गाडीत पाच मिनिटं. मग फुटाळा तलावापर्यंत एक चक्कर. मळमळीचं आणि भीतीचं औषध, निघण्याआधी किती तास उपाशी ठेवायचं, हे सगळं पशुवैद्यांना विचारायला लावलं. त्यांनी दिलेली गोळी आधी घरी एकदा देऊन पाहिली. (माणसांच्या झोपेच्या गोळीचा तुकडा देणारे भेटतात, म्हणून सांगते: अजिबात नाही.) मांजर तोंड उघडं टाकून धापा टाकू लागलं तर मात्र अपराधी वाटून घेत बसू नये, सरळ डॉक्टर गाठावा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात तर जास्तच.

या वेळी त्या पहाटे निघाल्या, कॅरिअरवर सुती टॉवेल टाकून. वाटेतून मेसेज आला: 'वर्ध्यापर्यंत ओरडली. मी गाडी थांबवली नाही, रडलेही नाही. आता झोपली आहे.' थोड्या वेळाने दुसरा: 'मी पोहे खाल्ले.'

कॅरिअर अजून हॉलमध्येच आहे. माळ्यावर सूटकेस गेली.