ब्लॉकसाठी ब्रूक लोपेझ घ्यावा का?

प्रश्न : आमच्या नऊ कॅटेगरींच्या एनबीए फँटसी लीगमध्ये (खऱ्या बास्केटबॉलपटूंचे काल्पनिक संघ, त्यांच्या नऊ प्रकारच्या आकड्यांची तुलना) माझा संघ ब्लॉकमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा शॉट हाताने अडवण्यात, मागे पडतो. पस्तिशी ओलांडलेला ब्रूक लोपेझ चालेल का?

उत्तर : जरूर, पण खेळाडू निवडीच्या शेवटच्या फेऱ्यांत. २०२२-२३ मध्ये मिलवॉकीकडून सामन्यामागे २.५ ब्लॉक देणारा लोपेझ २०२४-२५ मध्ये १.९ वर आला. तरीही ब्लॉकसोबत थ्री-पॉइंटर (दुरून मारलेली तीन गुणांची बास्केट) देणारे सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारे उंच खेळाडू, विरळाच! रीबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर चेंडू पकडणे) मात्र त्या मोसमात सामन्यामागे जेमतेम ५. तो प्रतिस्पर्ध्याला अंगाने अडवून धरतो आणि चेंडू सहकारी उचलतात. म्हणून जोडीला रीबाउंड ओढणारा सेंटर हवाच. २०२५ मध्ये तो क्लिपर्स संघाकडे गेला. आता आधी त्याला खेळायला मिळणारी मिनिटं पाहा : सलग काही सामने वीसच्या खाली गेली, तर ब्लॉकही आटतात, मग बिनधास्त सोडा.