दांड्याची छिन्नी भोकापाशी तडकली? अख्खं हत्यार पाण्यात घालू नका

तुम्ही जुन्या ॲक्सलच्या तुकड्यातून गरम लोखंड कापायची दांड्याची छिन्नी घडवलीत, सगळी लाल करून पाण्यात बुडवलीत आणि ती दांड्याच्या भोकापाशी तडकली. वर डोक्याचा टवकाही उडाला. पोलाद खराब निघालं, असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही.

या हत्याराला फक्त धारेपाशी कडकपणा हवा. भोकाच्या भिंतींना चिवटपणा हवा आणि डोकं तर हातोड्यापेक्षा मऊच हवं. कडक डोक्यावर कडक हातोडा बसला की टवका गोळीसारखा सुटतो. चष्मा घातला होता ना? अख्खी छिन्नी पाण्यात गेली की भोकाच्या पातळ भिंती झटक्यात थंड होतात, वरखालचा जाड भाग मागे राहतो. आकसण्यातल्या या फरकाचा ताण भोकाच्या कोपऱ्यावर येतो. कोपरा टोकदार असेल तर तडा तिथूनच निघणार.

म्हणून सुरुवात भोकापासून. धार नंतर ओढा, कारण भोक तिरकं गेलं तर तेवढाच तुकडा वाया जातो, धारेवरची मेहनत नाही. सुंब्याचं, म्हणजे भोक पाडायच्या पोलादी खुंटीचं, तोंड लांबट ठेवा आणि कोपरे कानशीने गोल करा. चांगल्या पिवळसर तावात काही घाव, मग सुंबा काढून पाण्यात गार करायचा. भोकात चिमूटभर कोळशाची पूड टाकली की तो अडकत नाही. अर्ध्याहून जास्त खोल गेल्यावर तुकडा उलटा करा. खालची बाजू ऐरणीला टेकून थंड झालेली असते, तिथे काळसर ठसा दिसतो, त्यावरच सुंबा धरा. ताव मंद लाल झाला की थांबायचं. त्याखाली मारलेला प्रत्येक घाव भिंतीत तडे पेरतो. ड्रिफ्ट (भोक रुंद करायची निमुळती खुंटी) घालून भोक फुगवताना दोन्ही बाजूंच्या भिंती, म्हणजे गाल, बाहेर येतात, ते ड्रिफ्ट आत असतानाच ठोकून सारखे करा.

घडवून झाल्यावर लगेच पाणी देऊ नका, म्हणजे बुडवून कडक करू नका. चुंबक चिकटायचं थांबेल त्याच्या जरा वरपर्यंत तापवून साध्या हवेत काळं होऊ द्या. असं तीनदा केलं की जास्त तावात वाढलेले कण बारीक होतात. माझ्या मते सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम हेच.

आता पाणी. खरं तर तेल. ॲक्सल कोणत्या पोलादाचा ते बघून कळत नाही, म्हणून त्याचाच छोटा तुकडा आधी लाल करून तेलात टाका. कानस त्यावरून न कापता घसरली, म्हणजे तो कडक झाला, तर छिन्नीलाही तेल पुरेल, पाण्याचा धोका कशाला? तो तुकडा मोडून बघा: कण बारीक, राखाडी असले तर ताव बरोबर, साखरेसारखे चमकले तर जास्त झाला. चुंबक साधारण ७७० अंश सेल्सिअसला सुटतं, त्याच्या थोडं वर पुरे. छिन्नीचा फक्त धारेकडचा भाग तापवा आणि दोन-तीन सेंटिमीटर तेलात धरून वरखाली हलवत राहा. एकाच पातळीवर धरली तर कडक आणि मऊ भागांची सीमा एका रेषेवर येते आणि छिन्नी तिथेच मोडते. तेलाचं भांडं धातूचं, झाकण हाताशी.

धारेची बाजू घासून चकचकीत करा. मागची उष्णता पुढे सरकेल आणि रंग चढतील: पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. धारेवर जांभळा संपून निळा आला, म्हणजे ३०० अंशांच्या आसपास, की पुन्हा तेलात. गरम लोखंड कापायला याहून कडक धार ठेवण्यात अर्थ नाही, कारण लाल लोखंडात घातली की ती तसंही टेंपर (रंग चढवून ठरवलेला कडकपणा) गमावते. दर काही घावांनी पाण्यात गार करा. हे गार करणं नको असेल तर एच१३ हे गरम कामाच्या हत्यारांचं पोलाद घ्या. ते तापलेलं असतानाही बरंच कडक राहतं. पण ते हवेतच कडक होतं, तेव्हा तापलेलं एच१३ पाण्यात घालायचं नाही.

दांड्याला पाचर घट्ट ठोकू नका. हा हातोडा नाही. दांडा फक्त छिन्नी धरण्यापुरता आहे. थोडा सैल असला तर घावाचा झटका मनगटात येत नाही. डोक्याच्या कडा चपटून बाहेर आल्या की लगेच घासून टाका. आणि तडकलेली छिन्नी वेल्डिंग करून वापरू नका. धारेकडचा भाग कापून त्याची बिनदांड्याची लहान छिन्नी करा.