सरकारचं कर्ज आणि आपला घरखर्च

प्रश्न : राज्यावर ९ लाख कोटींहून जास्त कर्ज आहे, म्हणजे माणशी सत्तर हजारांच्या वर, असं वाचलं. आम्ही खर्चाला हात आखडता घ्यावा का? (विश्रामबाग, सांगली)

त्या आकड्याला भिऊन वाणसामान कमी करू नका. ते कर्ज तुमच्या नावावर नाही. व्याज मात्र करांतून जातं, आणि साबण घेतानाही तुम्ही कर भरता. सरकारने आज कर्ज काढलं की उद्या कर वाढणार हे ओळखून लोक आधीच बचत वाढवतील, हा विचार इंग्रज अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डोने १८२० मध्ये मांडला. लोक खरंच असं वागतात का, याची त्यालाच शंका होती. १९७४ मध्ये अमेरिकी अर्थतज्ज्ञ रॉबर्ट बॅरो यांनी तो विचार नव्याने उभा केला. पण त्यासाठी घराला पुढच्या वीस वर्षांचा हिशेब दिसावा लागतो आणि अडीनडीला स्वस्त कर्ज मिळावं लागतं. ऊसबिल जमा झालं की ज्यांची दुकानातली उधारी फिटते, त्यांना हे कुठून जमणार? लाडक्या बहिणीचे १५०० रुपये अशा घरात बहुधा शिल्लक राहत नाहीत.

मला काळजी वेगळ्याच गोष्टीची वाटते. व्याजाने अर्थसंकल्पातली जागा खाल्ली की शाळा-दवाखान्यांना पैसा कमी पडतो आणि फी, औषधं घराच्या अंगावर येतात. खर्चाला खरी कात्री तिथे लागते.

प्रश्न : सरकारच्या कर्जामुळे आमचा गृहकर्जाचा हप्ता वाढतो का? (कराड)

थेट नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची बदलत्या व्याजदराची नवी गृहकर्जं बाह्य दराला, बहुतेक ठिकाणी रेपोला (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्या दराला), जोडलेली असतात. पण सरकारची उचल फार वाढली तर एकूणच व्याजदर खाली यायला वेळ लागतो.

प्रश्न : पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेच्या व्याजावर माझं घर चालतं. सरकार कर्जबाजारी झालं तर? (सातारा)

काका, तुम्हीच सरकारचे सावकार आहात! तो पैसा राष्ट्रीय अल्पबचत निधीतून सरकारलाच कर्जाऊ जातो. ठेवीला केंद्र सरकारची हमी आहे, निर्धास्त राहा. जपायचं ते महागाईपासून, कारण पाच वर्षांत तिमाही व्याज तेवढंच राहतं आणि दूध, औषधं महागतात.

प्रश्न : मग कर्ज काढणं चूकच का? (आटपाडी)

तुमच्याच तालुक्यात बघा. कृष्णा खोरे महामंडळाने १९९६ पासून रोखे काढून पैसा उभा केला. टेंभू उपसा सिंचन योजनेची कामं वर्षानुवर्षं रेंगाळली आणि त्या काळात व्याज चढत राहिलं, हे वाईटच झालं. पण पाणी आल्यावर डाळिंबाच्या बागांना आधार मिळाला, तालुक्याच्या बाजारात पैसा फिरू लागला. असं कर्ज मला मान्य आहे. फक्त उपशाच्या वीजबिलातला ८१ टक्के वाटा सरकार उचलतं, उरलेला १९ टक्के आपला आहे. तेवढी पाणीपट्टी थकवू नका.