१२ बाय १५च्या वाफ्यात राक्षसी भोपळा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मॅसॅच्युसेट्समध्ये घरामागे १२ बाय १५ फुटांचा वाफा आहे, सात-आठ तास ऊन मिळतं, दुकानातून ‘अटलांटिक जायंट’ या राक्षसी भोपळ्याच्या बियांचं पाकीट आणलंय आणि त्यात पाच बिया आहेत. पाचही लावाव्यात का, आणि इथल्या टॉप्सफील्डच्या जत्रेत वजनाच्या स्पर्धेला ठेवतात तसला भोपळा होईल का?

तसला होणार नाही, हे आधीच सांगतो. त्या जत्रेत २०१२ साली रॉन वॉलेस यांनी २,००९ पौंडांचा भोपळा आणला होता. एका अमेरिकी टनाच्या, म्हणजे २,००० पौंडांच्या पुढे गेलेला तो जगातला पहिला. आता तर इंग्लंडच्या पेटन बंधूंनी २०२५ मध्ये २,८१९ पौंड, म्हणजे जवळजवळ १,२७९ किलोपर्यंत मजल मारलीय. ही मंडळी एकेका वेलीला ६००-८०० चौरस फूट जागा देतात. तुमच्याकडे १८० आहे. तेवढ्यात २००-३०० पौंडांचा भोपळा पहिल्याच वर्षी येऊ शकतो, आणि तोही चार माणसांशिवाय हलत नाही. मात्र त्यासाठी पाच बियांमधून शेवटी एकच रोप ठेवायचं.

मी पहिल्या वर्षी तीन ठेवली होती. उगवलेलं रोप उपटायचं कसं, जीव होत नाही ना! ऑगस्टमध्ये वाफ्याचं रान झालं, पानांवर पानं, खाली भुरी, आणि हाती आले चाळीस-चाळीस पौंडांचे दोन भोपळे. बायको म्हणाली, एवढे तर आमच्या गावी उकिरड्यावर येतात. खरं होतं ते.

बी एप्रिलच्या २०-२५ तारखेला घरात कुंडीत लावा. टरफल जाड असतं, म्हणून कडा कानशीने हलकेच घासा. टोक मात्र घासू नका, मोड तिथूनच येतो. मातीला २८-३० अंश सेल्सिअस ऊब हवी. मी कुंडी फ्रीजच्या वर ठेवायचो, आता उबेची चटई घेतलीय. दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस रोप कुंडीत ठेवू नका, मुळं गोल फिरायला लागतात. मेच्या मध्याला बाहेर लावा आणि थंडीची भीती जाईपर्यंत प्लॅस्टिकचं आच्छादन ठेवा.

लावताना एक गंमत बघा. पहिलं खरं पान ज्या बाजूला येतं, त्याच्या उलट दिशेला वेल धावते. म्हणून रोप वाफ्याच्या एका टोकाला, पान कुंपणाकडे करून लावायचं. म्हणजे मुख्य वेलीला १५ फुटांची लांबी सरळ मिळते.

माती आत्ताच तपासून घ्या. ॲमहर्स्टला विद्यापीठाची माती प्रयोगशाळा आहे, पोस्टाने नमुना पाठवता येतो. सामू (pH) ६.५ ते ६.८च्या आसपास हवा. इथली माती बहुधा आम्ल निघते, मग चुना घालावा लागतो. जोडीला चांगलं कुजलेलं शेणखत घाला. ताजं घालू नका, आणि नत्राच्या खताचा मारा तर मुळीच नको. पानं हत्तीच्या कानाएवढी होतात आणि फळ गळून जातं.

आता खरं काम, म्हणजे कापाकापी. आपल्या लोकांना हे सगळ्यात जड जातं. मुख्य वेलीला दोन्ही बाजूंनी बगलफुटी येतील. त्या पाच-सहा फुटांवर, वाफ्याच्या कडेला पोचल्या की शेंडा खुडायचा. बगलफुटीला आलेली पुढची फूट दिसताक्षणी काढायची. (कोवळे शेंडे आणि जादा नर फुलं फेकू नका. शेंड्यांची भाजी, फुलांची भजी. जूनमध्ये आमच्याकडे आठवड्यातून दोनदा असतात.) प्रत्येक पेरावर ओंजळभर माती चढवा. तिथून नवी मुळं फुटतात आणि भोपळ्याला चारी बाजूंनी पाणी मिळतं. शिवाय इथली वेल पोखरणारी अळी एखाद्या ठिकाणी खोड खाऊन गेली, तरी बाकीची मुळं वेल तगवतात. खोडाशी भुशासारखं काही सांडलेलं दिसलं, तर अळी आत शिरलीय असं समजा. तिथे उभी चीर देऊन ती काढा आणि वर माती दाबा.

मादी फूल ओळखायला सोपं, खाली लिंबाएवढा भोपळा असतो. मुख्य वेलीवर ८-१० फुटांवरचं फूल धरा. आदल्या संध्याकाळी पाकळ्यांना सैल दोरा बांधा, नाहीतर पहाटे मधमाश्या तुमच्या आधी हजर. सकाळी सहा-सातला ताजं नर फूल तोडायचं, पाकळ्या सोलायच्या आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या प्रत्येक भागावर अलगद फिरवायचा. मग पुन्हा दोरा. जुलैच्या १० तारखेच्या आत हे उरकलं तर ऑक्टोबरच्या जत्रेपर्यंत ऐंशी-नव्वद दिवस मिळतात. दोन-तीन फळं धरू द्या, दहा-बारा दिवसांनी सगळ्यात जोमदार ते ठेवा, बाकीची काढा. हो, काढाच.

त्याच वेळी देठाकडे बघा. फळ वाढलं की त्याचा खांदा वेलीला टेकतो, देठावर ताण येतो आणि तो फाटतो. म्हणून फळ लहान असतानाच, रोज दुपारी वेल उन्हाने सैल झाली की बोटभर बोटभर बाजूला सरकवायची, देठ वेलीशी काटकोनात येईपर्यंत. सकाळी सरकवू नका, तेव्हा वेल ताठ असते, कट्कन मोडते. फळाखाली वाळूचा थर आणि वर सावलीला जुनी चादर. माझ्याकडे सोलापुरी आहे, शेजारी विचारतात आत कोण झोपलंय.

पाणी रोज, सारखं, मुळाशी. यात मी एकदा सपशेल चुकलो. गावात पाणी घालण्यावर निर्बंध होते, ऑगस्टचे तीन आठवडे वेल तहानलेली राहिली. निर्बंध उठल्यावर मी हावऱ्यासारखा दोन दिवस नळी सोडून ठेवली, त्यात रात्री जोराचा पाऊस. सकाळी चादर काढली तर देठाजवळ वीतभर भेग, बोट घातलं ते थेट पोकळीत गेलं. आतून काकडीसारखा वास येत होता. अंदाजे ३१० पौंडांचा होता. भेग पोकळीपर्यंत गेली की वजनाच्या स्पर्धेतून फळ बाद होतं. भ्रमाचा भोपळा फुटणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

अंदाज कसा काढला, तर तीन मापं घेतात: जमिनीला समांतर घेर, वरून आडवं एका बाजूच्या जमिनीपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, आणि वरूनच देठाकडून फुलाच्या टोकापर्यंत. तिन्हींची इंचांत बेरीज करायची आणि भोपळेवाल्यांनी बनवलेल्या तक्त्यात वजन बघायचं. दर रविवारी मापा, लिहून ठेवा. ऐन भरात रोज काही पौंड चढतात. ते आकडे बघण्यातच अर्धी मजा आहे.

बी पाकिटातलं चालेल. पुढच्या वर्षी मात्र न्यू इंग्लंडमधल्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि शेजारच्या राज्यांतल्या एखाद्या भोपळेवाल्याकडून माहितीतलं बी मागा, बहुतेक जण आनंदाने देतात. त्या बियांना वजन आणि उत्पादकाचं आडनाव असतं, जसं ‘२००९ वॉलेस’. हे सगळं घराणं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या हॉवर्ड डिल यांच्या ‘अटलांटिक जायंट’ वाणावरून आलंय.

आणि घारग्यांचा बेत असेल तर विसरा. हा भोपळा पाणचट, रेषाळ, चवीला काही नाही. घारग्यांसाठी भारतीय दुकानातून पावभर डांगर आणा.