रेस सोडली की इंजिन बंद

गंगापूर धरणावर मासेमारीसाठी बोटीचं १५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन अलिबागहून आणलं. पळतं झकास, पण जाळ्याजवळ रेस सोडली की मिनिटभरात बंद. मेस्त्रीने कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून पाहिला. नाशिकच्या हवेमुळे होतंय का?

हवेवर खापर फोडू नका. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, हवा थोडी विरळ, त्यामुळे अलिबागचं सेटिंग इथे पेट्रोल जरा जास्त देतं. तेवढ्याने धड इंजिन बंद पडत नाही.

फुल रेसवर पेट्रोल मेन जेटमधून येतं, आयडलला, म्हणजे रेस सोडल्यावरच्या मंद चालीत, स्लो जेटच्या सुईएवढ्या छिद्रातून. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल दोन-तीन महिने राहिलं की उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. तो आधी हेच छिद्र बुजवतो. म्हणून पळताना काहीच कळत नाही.

तरी उघडण्याआधी एक करा. इंजिन दम सोडू लागलं की टाकीच्या नळीवरचा रबरी फुगा दाबा. सावरलं, तर पेट्रोल पोचत नाहीये. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलाय (हसू नका, निम्म्या वेळा हेच निघतं), नळी आतून सोललीय किंवा पंपाचा पडदा फाटलाय. फुग्याने फरक नाही, पण चोक किंचित ओढल्यावर सावरतं? मग स्लो जेट चोंदलाय किंवा गॅस्केटमधून फालतू हवा शिरतेय. जेट काढून कार्ब क्लीनर आणि हवेच्या दाबाने साफ करा. तार खुपसू नका, छिद्र मोठं झालं की जेट भंगारात.

कार्बोरेटरच्या स्क्रूचा नंबर सगळ्यात शेवटी. हलक्या हाताने पूर्ण बसवा, साधारण दीड फेरा सोडा, मग इंजिन गरम असताना, बोट पाण्यात बांधून, गिअरमध्ये बारीक जुळवा. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा.

चांदोरीला पुरासाठी ठेवलेली बोट आहे. गेल्या पावसाळ्यानंतर इंजिन शेडमध्येच होतं. आता चालू होतं, थरथरतं आणि बंद पडतं.

टाकीत गेल्या वर्षीचं पेट्रोल असेल तर आधी ते काढा. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकीतली नळी नेमकी तळातूनच खेचते. जुन्या नळ्यांच्या रबरालाही ते मानवत नाही.

थरथर म्हणजे बहुधा एक सिलिंडर मेलाय. दोन्ही प्लग काढा. एक तपकिरी आणि दुसरा ओला-काळा असेल, तर ओला तो पेटत नाही. प्लगांची अदलाबदल करा. रोग प्लगबरोबर सरकला तर प्लग बदला, जागेवरच राहिला तर कॉइल किंवा वायर तपासा. चालू इंजिनची प्लगटोपी हाताने उपटू नका. मी एकदा उपटली होती, दोन दिवस खांदा दुखत होता.

चाचणी पाण्याच्या ड्रममध्ये घ्या. कोरडं चालवलं तर थंड करायचं पाणी खेचणाऱ्या पंपाचा रबरी इम्पेलर बघता बघता जळतो. आणि महिन्यातून एकदा दहा मिनिटं तरी चालवत जा, गोदेला पाणी चढल्यावर प्लग शोधायची वेळ नको.

दारणेच्या जलाशयात बोट आहे. न्यूट्रलला ठीक चालते, गिअर टाकला की गप.

आयडल न्यूट्रलमध्ये लावलेलं दिसतंय, गिअरचा भार त्याला पेलत नाही. पण आधी इंजिन बंद करून, किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप काढून पंख्यामागे पाहा. तिथे तंगूस (मासेमारीचा नायलॉन दोरा) गुंडाळलेला सापडतो. तो सील कापतो, मग पाणी आत शिरून गिअर ऑइल दुधाळ होतं. तसं दिसलं तर सील बदलल्याशिवाय पाण्यात उतरवू नका.

मोटरसायकलचं टू-टी ऑइल चालेल का? थोडं जास्तच घालतो, इंजिन जपायला.

चालणार नाही. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाला टीसी-डब्ल्यू-३ लिहिलेलंच ऑइल लागतं. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण ५०:१ सांगितलं असेल तर ५ लिटरला १०० मिली, मोजून. जास्त ऑइलने इंजिन जपलं जात नाही, प्लग काळे होतात आणि पुन्हा आयडललाच बंद पडतं.